पेटी चरखा : अमळनेरात नऊ महिने चालवल्यानंतर

पहिल्या बैठकीत सूत ३९ वेळा तुटलं. मोजायची सवय आहे म्हणून मोजलं. ३१ वर्षं अकरावी-बारावीला गणित शिकवलं. अर्ध्या तासात ३९ वेळा तुटलेला धागा जोडून हातात काय आलं, तर दोन वावभर सूत, तेही कुठे सुतळीसारखं जाड आणि कुठे कोळ्याच्या जाळ्यासारखं. तरीही हा चरखा परत पाठवावा असं त्या दिवशी वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. का, ते सविस्तर लिहिते. चरखा घ्यावा की नाही असं मला आता बरेच जण विचारतात, त्यांना एकदाच नीट सांगता येईल.

मागवला २०२४च्या डिसेंबरात. त्या वर्षी फेब्रुवारीत आमच्या गावात ९७वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, तेव्हापासून साने गुरुजींचं नाव घरात रोज निघत होतं. २४ डिसेंबरला गुरुजींच्या जन्माला १२५ वर्षं झाली. त्याच आठवड्यात विदर्भातल्या एका संस्थेकडून पार्सल आलं. किंमत ३,९०० रुपये, टपालखर्च वेगळा. सोबत दोन चाती, म्हणजे फिरून सुताला पीळ देणाऱ्या लोखंडी काड्या, आणि अर्धा किलो पेळू, म्हणजे कातायला तयार केलेल्या पिंजलेल्या कापसाच्या वळ्या.

पेटी म्हणजे मिटल्यावर जाड वहीएवढी, मूठ धरून उचलता येते. उघडली की आत दोन चाकं : एक मोठं, त्याला फिरवायची मूठ, दुसरं लहान. मोठ्या चाकाची दोरी लहान चाक फिरवते, लहान चाकाची बारीक दोरी चातं फिरवते. दोन चाकं अशी जोडल्यामुळे मोठं चाक एकदा फिरलं की चातं कितीतरी वेळा फिरतं. मोठ्या चरख्याला जेवढी जागा लागायची तेवढी लागत नाही, ती याच युक्तीमुळे. सूत गुंडाळायचा फाळकाही पेटीतच घडी होऊन बसतो. गांधीजींनी येरवड्याच्या तुरुंगात असताना या घडीच्या चरख्यावर पुष्कळ डोकं चालवलं, म्हणून त्याला येरवडा चक्र म्हणतात. त्याआधी १९२९मध्ये चांगल्या सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर झालं होतं. खेड्यातल्या बाईला घरी बसून चालवता येईल, मोडला तर गावातच दुरुस्त होईल असं यंत्र त्यांना हवं होतं. दुरुस्तीची ती अट माझ्या चरख्यानं पहिल्याच आठवड्यात तपासून घेतली.

दोन्ही चाती वाकडी आली होती. डोळ्याला दिसेल इतकी नाही, पण फिरताना टोक थरथरायचं आणि त्या थरथरीनंच सूत तुटायचं. मला आधी वाटलं माझाच हात बसलेला नाही. तीन आठवडे मी स्वतःलाच दोष देत राहिले. संस्थेला फोन केला तर “सवय होईल” एवढंच उत्तर मिळालं. शेवटी पेटी पिशवीत घालून आमच्या गल्लीच्या तोंडाशी असलेल्या सायकलवाल्याकडे गेले. माझा जुना विद्यार्थी. त्यानं चातं बोटांवर फिरवून बघितलं आणि म्हणाला, “चात्याले आऊट शे, मॅडम.” चाकाचा आऊट काढणाऱ्या माणसाला ते एका नजरेत दिसलं. काचेच्या तुकड्यावर चातं लोळवत, हलक्या हातोडीनं ठोकत त्यानं दहा मिनिटांत दोन्ही सरळ केली. पैसे घेतले नाहीत. त्या संध्याकाळी सूत ११ वेळा तुटलं.

म्हणून पहिली सूचना हीच : चरखा आला की आधी चातं काचेवर लोळवून बघा. दुसरी, चातं ज्या चामड्याच्या तुकड्यांमध्ये फिरतं त्यांना रोज एक थेंब तेल द्या. माझे आजोबा त्यांना चमरखं म्हणायचे. आणि बारीक दोरी घसरत असेल तर तिला राळ चोळा, ओढून घट्ट करायला जाऊ नका. मी एकदा तशी ओढली आणि लहान चाकाचा खिळा सैल झाला.

आजोबांचं नाव आलंच आहे तर त्यांच्याबद्दल सांगते, कारण चरखा मी त्यांच्यामुळे घेतला. आम्ही त्यांना आप्पा म्हणायचो. आप्पा अमळनेरच्या प्रताप मिलमध्ये स्पिनिंग खात्यात कामाला होते. तुटलेले धागे जोडायचे, हे त्यांचं काम. शेकडो चाती एकदम फिरताहेत, कुठे धागा तुटला की धावत जाऊन चिमटीत धरून जोडायचा, आठ-आठ तास. भोंगा झाला की घरी यायचे, हातपाय धुऊन ओट्यावर बसायचे आणि तकली, म्हणजे हातानं फिरवून सूत कातायची काडी, काढायचे. अंगात बंडी आणि डोक्याला टोपी, दोन्ही खादीची. गिरणीतल्या माणसानं गिरणीचं कापड अंगाला लावायचं नाही, हे त्या वेळी गल्लीतल्या लोकांना समजत नसे. दिवसभर गिरणीत मणाने सूत निघतं आणि हा माणूस घरी येऊन बोटभर तकलीवर काततो! ते विचारायचे, आप्पा सांगायचे, “तठलं सूत मालकनं, आठलं मनं.” तिथलं मालकाचं, इथलं माझं. एवढंच. पुढे वाद घालायचे नाहीत.

१९३६च्या डिसेंबरात फैजपूरला काँग्रेसचं अधिवेशन भरलं. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. तयारीसाठी साने गुरुजी खान्देशातली गावं पायाखाली घालत होते. आप्पा बिनपगारी रजा टाकून स्वयंसेवक म्हणून गेले. भुसावळपर्यंत गाडीनं, पुढे तापी ओलांडून पायी. काम काय, तर पाणी भरायचं. नंदलाल बोस यांनी बांबूची आणि गावच्याच सामानाची सजावट केली होती, त्या कमानींचं वर्णन मी आप्पांच्या तोंडून कितीदा ऐकलं असेन. नेहरूंचं भाषण काय झालं हे त्यांना सांगता यायचं नाही, कारण ते तेव्हा पाणी भरत होते. पण बांबू कसे बांधले होते ते हातानं हवेत काढून दाखवायचे.

मी सहा-सात वर्षांची असताना आप्पांनी मला तकली दिली. सूत तुटलं की मी रडकुंडीला यायची. ते म्हणायचे, “तुटनं ते तुटनं. जोड.” आप्पा १९७९मध्ये गेले. ती तकली माझ्या कपाटात आहे, लोखंडी काडी थोडी गंजलेली.

आता चरख्याकडे परत येते. सूतकताईबद्दल जे कुणी सांगत नाही ते असं, की सगळा खेळ डाव्या हाताचा आहे. उजवा हात चाक फिरवतो, ते कोणीही करेल. डाव्या हातात पेळू, आणि तो हात मागे नेताना किती वेगानं न्यायचा हे बोटांनाच कळावं लागतं. हात लवकर मागे गेला तर पीळ पुरत नाही, धागा सुटतो. उशिरा गेला तर पीळ जास्त होतो, धागा वेटोळे घेतो. मधला वेग शब्दांत सांगता येत नाही. मला तो यायला तीन महिने लागले. त्या तीन महिन्यांचं सगळं सूत देवघरात वाती म्हणून जळलं, त्याचं मला काही वाटत नाही.

आणि खान्देशातल्यांना एक खास गोष्ट. आपल्याकडे वैशाखात हवा अशी कोरडी होते की पेळू हातात फुलून येतो आणि सूत तुटायचं प्रमाण दुप्पट होतं. मेमध्ये माझा आकडा परत २०च्या वर गेला. तेव्हा आठवलं, आप्पा सांगायचे की गिरणीत सूत टिकावं म्हणून हवेत ओल ठेवतात. मी पहाटे पाचला बसायला लागले आणि खिडकीला गोणपाट भिजवून लावलं. आकडा ८वर आला. तुम्ही जळगाव-धुळे-नंदुरबारकडचे असाल तर एप्रिल-मेमध्ये दुपारी चरखा काढूच नका.

पेळूंचं मात्र दुःख आहे. माझ्या घरापासून दोन मैलांवर कापसाची शेतं आहेत, दिवाळीनंतर ट्रॅक्टर भरभरून कापूस जिनिंगकडे जातो, आणि मी पेळू मागवते बाहेरून, टपालानं. मला हे पटेना. शेजारच्या शेतकऱ्याकडून किलोभर कापूस आणला, पाटावर लोखंडी सळईनं सरकी काढली. दोन दिवस लागले. किलोतून रुई निघाली जेमतेम पावशेर-दीडपावशेर. सरकीचं वजनच दोन तृतीयांश असतं. पिंजायला पिंजारी कुठून आणायचा? लहानपणी पिंजण वाजवत गल्लीत यायचे ते आता दिसत नाहीत. हातानं पिंजलं, गाठी राहिल्या, सूत दर हाताला तुटलं. पुढच्या हंगामात परत करणार आहे. या वेळी हात-पिंजण बनवून घेणार आहे, सुताराला मापं दिली आहेत.

शेजारणी येतात, बसतात, बघतात. एकीनं अगदी कळकळीनं विचारलं, “मॅडम, बजारमा तीनशेले ड्रेस भेटस, तुम्ही हाई काय करी ऱ्हायनात?” प्रश्न बरोबर आहे, त्याला हिशोबानंच उत्तर द्यायला हवं. आप्पांच्या मापानं एक तार म्हणजे फाळक्याचा एक वेढा, चार फूट. १६० तारांची एक लटी, चार लट्यांची एक गुंडी. म्हणजे गुंडीत ६४० तार, सुमारे ७८० मीटर सूत. छत्तीस इंच पन्ह्याचं, इंचाला ४० धाग्यांचं साधं कापड धरलं तर मीटरभर कापडाला उभं-आडवं मिळून जवळपास २,८८० मीटर सूत लागतं. अडीच मीटरचा कुर्ता म्हणजे सव्वानऊ गुंड्या. सुरुवातीला एका लटीला मला तीन तास लागायचे, आता सव्वा तास लागतो. आजच्या वेगानं एका कुर्त्याला ४६ तास, विणकराची मजुरी वेगळी. पैशांचा हिशोब लावला तर हा चरखा कधीच परवडणार नाही. ज्यांना स्वस्त कापड हवं त्यांनी घेऊ नये. मन शांत होईल म्हणून घेणार असाल तरी पहिले तीन महिने होणार नाही, उलट चिडचिड होईल.

मी का घेतला, ते सांगायला मला एक जुनी गोष्ट काढावी लागेल. २००९च्या मार्चमध्ये, दुसऱ्या तालुक्यातल्या एका केंद्रावर, बारावीच्या गणिताच्या पेपरला मी पर्यवेक्षक होते. पेपर सुरू होऊन पाऊण तास झाला आणि खिडकीतून दगडाला बांधलेल्या चिठ्ठ्या आत यायला लागल्या. उत्तरं बाहेर कोणीतरी सोडवत होतं, आणि नीट सोडवत होतं. मी चिठ्ठ्या गोळा केल्या, चार मुलांच्या कॉपी केस केल्या. मला बाहेर बोलावून सांगितलं गेलं, “मॅडम, निकालाचा प्रश्न आहे, पोरांच्या आयुष्याचा प्रश्न आहे.” मी म्हटलं, माझ्या वर्गातली जी दहा मुलं खाली मान घालून स्वतः सोडवताहेत त्यांच्या आयुष्याचं काय? अहवाल मागे घेतला नाही. संध्याकाळी बाहेर आले तर स्कूटीची सीट फाडलेली होती.

पुढे दोन वर्षं स्टाफरूममध्ये माझ्याशी कामापुरतं बोलणं झालं. पर्यवेक्षणाच्या यादीतून माझं नाव काढलं. मी दर जानेवारीत अर्ज द्यायचे, मला पर्यवेक्षण द्यावं म्हणून, आणि आवक क्रमांक घेऊन यायचे. असे पाच अर्ज दिले. सहाव्या वर्षी नाव परत लागलं. दरम्यान एक दुसरी गोष्ट सुरू केली होती, तिचा मला जास्त आनंद आहे. जूनपासून सकाळी सातला फुकट गणिताचा वर्ग. चिठ्ठी लागू नये इतकं तरी मुलांना यायला हवं, ही जबाबदारी माझीच होती ना. पहिल्या वर्षी चार मुलं आली. निवृत्त झाले तेव्हा तिसाच्या वर होती.

त्या दिवसांत मला गुरुजींची फार आठवण यायची, आणि त्या आठवणीनं धीर येण्याऐवजी मी खचायची. गुरुजी इथेच अमळनेरात, प्रताप हायस्कुलात शिक्षक होते, मुलांच्या वसतिगृहात त्यांच्यातच राहायचे. १९३०मध्ये सत्याग्रहासाठी त्यांनी नोकरी सोडली. १९३२मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबा रविवारी गीतेवर बोलायचे, १८ अध्यायांवर, फेब्रुवारीपासून जूनपर्यंत. तो शब्दन् शब्द गुरुजींनी उतरून घेतला म्हणून आज आपल्याला वाचायला मिळतो. १९४७मध्ये पंढरपूरचं मंदिर अस्पृश्य मानलेल्यांना खुलं व्हावं म्हणून आधी गावोगाव फिरले आणि मग मे महिन्यात प्राण पणाला लावून उपोषणाला बसले. मंदिर खुलं झालं. त्यांच्यासमोर माझी एक कॉपी केस ती काय? मी नोकरी सोडली नव्हती. घरात दोन मुलं होती, घराचं कर्ज होतं. ज्या संस्थेत हे चालत होतं तिचाच पगार मी दर महिन्याला घेत होते. बरीच वर्षं मला वाटायचं की मी अर्ध्यावर थांबले.

आप्पांकडे मी त्या नजरेनं कधी बघितलंच नव्हतं. ते चरख्यावर बसल्यावर कळलं. ते कुठल्याही तुरुंगात गेले नाहीत. गिरणी सोडली नाही, सोडणं शक्यही नव्हतं, घरात खाणारी नऊ तोंडं होती. पण भोंगा झाल्यावरचा तो एक तास त्यांनी कोणाला दिला नाही. ताप असला तरी तकली हातात असायची. गल्लीत हसू झालं, भाऊबंदांनी लग्नात खादीच्या टोपीवरून टोमणे मारले, त्यांनी टोपी बदलली नाही. साठीत गिरणी सुटली तेव्हाही त्यांच्या अंगावर त्यांनी कातलेल्या सुताची बंडी होती. हे सगळं मला माहीत होतं, पण मी त्याला धैर्य म्हटलं नव्हतं. गुरुजींसारखं सर्वस्व सोडणारा लाखात एक. बाकीच्यांना जिथे आहेत तिथेच राहून, पोटाचं काम करून, आपल्या मनाचं काम चुकू न देता करावं लागतं. माझे ते पाच अर्ज मी परत काढून वाचले. पिवळे पडलेत. ते लिहिताना मी भ्यायले होते, हे अक्षरावरून अजून कळतं.

तर पेटी चरखा या कामाला उत्तम आहे. तो जागा घेत नाही, आवाज करत नाही, कुकरच्या तीन शिट्ट्यांमध्येही उघडून बसता येतो. प्रवासात मी तो रेल्वेत घेऊन गेले आहे. सुरत-भुसावळ गाडीत मांडीवर ठेवून कातता येत नाही, खाली सपाट जागा लागते, हे मात्र लक्षात ठेवा. लाकूड सागवान असल्याचं सांगितलं होतं. वास आणि रेषा बघता पेटीचं झाकण सागवान आहे, तळ दुसऱ्या कुठल्यातरी लाकडाचा. बिजागऱ्या चांगल्या आहेत. पावसाळ्यात झाकण थोडं फुगलं, श्रावणानंतर परत बसलं. फाळक्याच्या खुंट्यांपैकी एक पहिल्या महिन्यात मोडली, ती सायकलवाल्यानंच बांबूची करून दिली आणि ती मूळच्यापेक्षा मजबूत आहे. मागवताना दोनऐवजी चार चाती मागा आणि बारीक दोरीचं एक रीळ जास्त घ्या. लहान मुलांना आधी तकली द्या, मग चरखा. तकलीत पीळ डोळ्यांना दिसतो.

चरखा विकणाऱ्या संस्थेनं एक गोष्ट आधी सांगायला हवी होती, ती मी सांगते. सूत झालं की पुढे काय, हा प्रश्न उभा राहतो. पूर्वी गुंड्या देऊन बदली कापड मिळायचं. मी ज्या दोन ठिकाणी विचारलं तिथे एवढ्या थोड्या सुताला कोणी हात लावेना. पुष्कळ फोन केल्यावर एक विणकर तयार झाला. तो म्हणाला, ताई, तुमचं एकेरी सूत ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, टिकणार नाही, मागावर तुटेल. ताण्याला गिरणीचं सूत घालतो, बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, तुमचं. माणूस प्रामाणिक, सल्ला अनुभवाचा. पण हातानं कातलेलं आणि हातानं विणलेलं, दोन्ही असेल तेव्हाच ती खादी. मी म्हटलं, दुसरा उपाय सांगा. त्यानं सांगितलं, ताण्याचं सूत दुहेरी करून पीळ देऊन आणा, मग करतो. म्हणजे ताण्याला दुप्पट सूत. सव्वानऊच्या जागी चौदा गुंड्या.

हे ऐकल्यावर लेकीनं पुण्याहून फोनवर विचारलं, कारण कुर्ता तिचा आहे, “आई, गिरणीचं ताण्याला घातलं तर कोणाला कळणार आहे?” मी तिला सांगितलं, मला कळेल. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, मग मी दिवाळीला येते तेव्हा मला शिकव, थोडं मी कातते.

आठ गुंड्या आणि तीन लट्या झाल्यात. एकवीस लट्या बाकी.